स्त्रेल्त्सोव्हची पहिली चार वर्षं

आजचा विषय एका माणसाच्या चार हंगामांपुरताच आहे. १९५४ पासून १९५८ च्या मे महिन्यापर्यंत. माणूस म्हणजे एदुआर्द स्त्रेल्त्सोव्ह, मॉस्कोच्या तोर्पेदो क्लबचा सेंटर फॉरवर्ड. नाव जिभेला जरा जड आहे, पण दोन-तीनदा म्हटलं की बसतं.

तुमच्यापैकी ज्यांनी फुटबॉलचा इतिहास थोडाफार वाचलाय त्यांच्या कानावर दोन गोष्टी आल्या असतील. एक म्हणजे हा 'रशियाचा पेले' होता. आणि दुसरी, वर्ल्ड कपच्या तोंडावर त्याला अटक झाली. या दोन गोष्टींनी मिळून त्याची सुरुवातीची कारकीर्द जवळजवळ खाऊन टाकलीय. जो तो शेवटापासून मागे वाचत येतो. आज आपण ती पुढून वाचू. पोरगा कुठून आला, कोणी उचलला, काय खेळला आणि या सगळ्या काळात त्याची जबाबदारी नेमकी कोणावर होती. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दलच्या गोष्टींमध्ये तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

आधी ती पेलेची उपमा बाजूला काढू. स्त्रेल्त्सोव्हचा जन्म २१ जुलै १९३७ चा. पेलेचा १९४० चा. स्त्रेल्त्सोव्हने देशासाठी पहिली हॅटट्रिक केली तेव्हा पेले चौदा वर्षांचा होता. तेव्हा कोणाला कोणाची उपमा द्यायची ते तुम्हीच ठरवा. शिवाय दोघांचा खेळही सारखा नव्हता. त्यावर येतोच.

तो जन्मला पेरोवोला. आज पेरोवो मॉस्को शहरात आहे, पण ते शहरात घेतलं १९६० साली. त्याच्या लहानपणी ते मॉस्कोबाहेरचं कामगारांचं गाव होतं. वडील युद्धावर गेले, जिवंत राहिले, पण घरी परत आले नाहीत. किएव्हला दुसरा संसार थाटला. आई सोफ्या फ्रोलोव्हना 'फ्रेझर' नावाच्या कारखान्यात कामाला होती. तिथं धातू कापायची हत्यारं बनत. तिनं एकटीनं पोराला वाढवलं. युद्धानंतरच्या रशियात असं घर काही जगावेगळं नव्हतं. ज्या घरातला बाप परत आला ते घर नशीबवान.

पोरगाही त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागला. आणि कारखान्याच्या संघातून खेळू लागला. वयाच्या तेराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात! आता तेरा वर्षांचा मुलगा तीस-तीस वर्षांच्या कामगारांबरोबर खेळतो म्हणजे काय होतं, विचार करा. एक तर तो मोडतो, नाही तर अंगानं लवकर घट्ट होतो. हा घट्ट झाला. पुढं लोक त्याच्या ताकदीबद्दल बोलायचे, की डिफेंडर अंगावर आपटून बाजूला पडायचे वगैरे, त्याचं मूळ या कारखान्याच्या मैदानात आहे. मनानं मात्र तो स्पार्ताकचा चाहता. पेरोवोची बरीच पोरं स्पार्ताकवालीच.

१९५३ मध्ये तोर्पेदोच्या माणसांनी त्याला हेरलं आणि १९५४ च्या हंगामात तो सोव्हिएत लीगमध्ये उतरला. वय सोळा. आता इथं जरा थांबून क्लबांची व्यवस्था समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

सोव्हिएत संघात कागदोपत्री धंदेवाईक खेळाडू नव्हतेच. प्रत्येक जण कुठे ना कुठे नोकरीला. कोणी सैन्यात, कोणी कारखान्यात, आणि पगार तिथून. क्लब म्हणजे त्या खात्याचा संघ. दिनामो हा गृहखात्याचा, पोलीस आणि सुरक्षा यंत्रणेचा. ज्याला आज आपण सेस्का म्हणून ओळखतो तो सैन्याचा. लोकोमोतिव्ह रेल्वेचा. स्पार्ताकच्या मागे व्यापारी सहकारी संस्था. आणि तोर्पेदो हा मॉस्कोच्या मोटार कारखान्याचा. तेव्हा त्या कारखान्याला स्तालिनचं नाव होतं, १९५६ मध्ये ते बदलून लिखाचोव्हचं दिलं. ट्रक बनवायचे, आणि पुढाऱ्यांच्या मोठ्या काळ्या गाड्याही. मुंबईकरांना हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. मफतलाल, टाटा, रेल्वे यांचे संघ आपण बघितलेत. नोकरी कंपनीत, काम मैदानावर.

पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. दिनामोच्या खेळाडूने रस्त्यावर दंगा केला तर त्याला पकडणारा पोलीस त्याच्याच क्लबचा. सैन्याचा क्लब तर कोणत्याही जवान पोराला सक्तीच्या लष्करी सेवेच्या नावाखाली आपल्याकडे ओढू शकत होता. मोटार कारखान्याकडे असलं काही नव्हतं. चांगली माणसं होती, घर देता येत होतं, पण वरच्या वर्तुळात त्याचं वजन बेताचं. दिनामो आणि सेस्का दोघांनीही पुढं स्त्रेल्त्सोव्हवर डोळा ठेवला होता आणि तो गेला नाही, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. का गेला नाही? मला वाटतं उत्तर साधं आहे. तोर्पेदोमध्ये वालेंतिन इव्हानोव्ह होता.

इव्हानोव्ह त्याच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा. चपळ, हुशार, सतत हलणारा. हाच इव्हानोव्ह पुढं १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला आला. या दोघांची जोडी जमली. काही जोड्या प्रशिक्षक लावतात आणि काही आपोआप लागतात, ही दुसऱ्या जातीची. एकाला दुसरा कुठे असेल हे न बघता कळायचं.

स्त्रेल्त्सोव्हचा खेळ कसा होता? उंच, रुंद खांद्यांचा, सोनेरी केसांचा कोंबडा काढलेला. पायांचे तळवे सपाट, त्यामुळे फार वेळ धावत राहणं त्याला जड जायचं. मग तो काय करायचा, तर उभा राहायचा. अक्षरशः उभा. वीस-वीस मिनिटं मैदानावर फिरायला आल्यासारखा. प्रेक्षक शिव्या द्यायचे. आणि मग एक क्षण असा यायचा की चेंडू त्याच्याकडे आला, आणि तो निघाला, आणि दोन डिफेंडर मागे. पेले सगळीकडे असायचा, हा कुठेच नसायचा आणि मग अचानक असायचा. त्याचा टाचेचा पास तर इतका प्रसिद्ध झाला की रशियात टाचेने दिलेल्या पासला आजही 'स्त्रेल्त्सोव्हचा पास' म्हणतात. लक्षात घ्या, टाचेने पास देणं ही तेव्हा अनेक प्रशिक्षकांच्या दृष्टीने नखरेबाजी होती. पण हा पाठीमागे कोण येतंय ते आधीच जाणून असायचा, बहुतेक वेळा इव्हानोव्हच, आणि चेंडू बरोबर तिथं.

पहिल्या हंगामात चार गोल. म्हणजे काही डोळे दिपवणारं नाही. दुसऱ्या हंगामात, १९५५ मध्ये, १५. आणि संपूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त. हंगाम सुरू झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा होता.

आता राष्ट्रीय संघ. २६ जून १९५५, स्टॉकहोम, स्वीडनविरुद्ध. वय सतरा, अठरा पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. पहिल्या अर्ध्यात तीन गोल. सामना सोव्हिएत संघाने ६-० ने जिंकला. स्वीडन म्हणजे काही ऐरागैरा संघ नव्हे. तीन वर्षांनी हेच स्वीडन वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीत गेलं.

आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामना कोणाविरुद्ध? भारताविरुद्ध! १६ सप्टेंबर १९५५, मॉस्को, दिनामो स्टेडियम. निकाल ११-१. स्त्रेल्त्सोव्हचे परत तीन. (सभागृहात हशा.) हसू नका, सोव्हिएत संघाने कुणावरही मिळवलेला तो सगळ्यात मोठा विजय आहे, म्हणजे इतिहासात आपलं नाव आहेच. पण गंमत पुढं आहे. याच भारतीय फुटबॉलने सव्वा वर्षाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. १ डिसेंबर १९५६ ला आपल्या नेव्हिल डिसूझाने, मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा फॉरवर्ड, ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक केली. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. म्हणजे मेलबर्नच्या त्या शेवटच्या चार संघांत एका बाजूला डिसूझा आणि दुसऱ्या बाजूला स्त्रेल्त्सोव्ह होते. भारत युगोस्लाव्हियाकडून हरला, नाही तर अंतिम सामना पुन्हा भारत आणि सोव्हिएत संघ असा झाला असता. तेव्हा ११-१ वरून 'आपल्याला येतच नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका.

मेलबर्नमधला स्त्रेल्त्सोव्ह एकोणीस वर्षांचा. जर्मनीविरुद्ध त्याने गोल केला. पण बघायचा असेल तर बल्गेरियाविरुद्धचा उपांत्य सामना बघा, ५ डिसेंबरचा. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. जखमी झालात तर एक तर मैदानाबाहेर जा, नाही तर लंगडत उभे राहा. इव्हानोव्ह जायबंदी. डिफेंडर निकोलाय तिश्चेंकोचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तो हात बांधून परत मैदानात येऊन उभा राहिला. म्हणजे खेळणारे खरे नऊच. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळेच्या सुरुवातीलाच बल्गेरियाचा गोल. आणि मग ११२ व्या मिनिटाला स्त्रेल्त्सोव्ह. बरोबरी. चार मिनिटांनी बोरिस तातुशिनचा गोल आणि सामना २-१. ज्या पोराला आळशी म्हणायचे त्याने, संघाचे दोन गडी निकामी असताना, जवळजवळ दोन तासांच्या खेळानंतर तो गोल केला.

अंतिम सामन्यात काय झालं? त्याला खेळवलंच नाही. प्रशिक्षक गाव्रिल काचालिन यांचं मत असं की पुढची जोडी एकाच क्लबची हवी, तरच ती जमते. इव्हानोव्ह जखमी, म्हणून जोडी मोडली, म्हणून स्त्रेल्त्सोव्ह बाहेर. त्याच्या जागी स्पार्ताकचा निकिता सिमोन्यान आला. सामना १-० ने जिंकला, गोल अनातोली इलिनचा. आणि त्या काळी पदक फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळायचं. सिमोन्यान तेव्हा तिशीचा. त्याने आपलं पदक या पोरापुढे धरलं, की हे तुझं आहे. पोराने घेतलं नाही. मला अजून खूप जिंकायचंय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. सिमोन्यानने हे पुढं अनेकदा सांगितलंय.

काचालिन चुकले का? सामना जिंकला, मग चूक कशी म्हणायची. पण एकोणीस वर्षांच्या पोराला त्या रात्री कोणी जवळ बसवून समजावलं का, हे मला विचारावंसं वाटतं. सिमोन्यानने समजावलं. प्रतिस्पर्धी क्लबचा खेळाडू, ज्याने त्याची जागा घेतली त्यानेच.

१९५७. हे त्याचं सगळ्यात भरलेलं वर्ष. लीगमध्ये १५ सामन्यांत १२ गोल. तोर्पेदो दुसऱ्या क्रमांकावर, जे त्या क्लबच्या आवाक्यापलीकडचं होतं. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, म्हणजे बॅलन डी'ओरमध्ये, सातवा. सरकारकडून किताब. कारखान्याने मायलेकरांना मॉस्कोत घर दिलं. पेरोवोच्या फिटरच्या हातात एकदम हे सगळं आलं. लग्नही याच वर्षी झालं, आणि ते टिकलं नाही.

दारूही याच काळात वाढली. यात काही लपवायचं कारण नाही. आणि तो एकटाच पीत होता असंही नाही. संघात पिणं हा रोजचा भाग होता. सामना झाला की टेबल मांडलं जायचं, चाहते पाजायचे, कारखान्यातले लोक पाजायचे. आमच्या एदिकबरोबर मी प्यालो, हे सांगायला प्रत्येकाला हवं होतं. वीस वर्षांच्या पोराला नाही म्हणायला शिकवायचं कोणी? बाप किएव्हला.

त्याच नोव्हेंबरची एक गोष्ट रशियात सगळ्यांना पाठ आहे. वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठी पोलंडशी निर्णायक सामना लाइपझिगला होता. ऑक्टोबरमध्ये पोलंडने सोव्हिएत संघाला २-१ हरवलं होतं म्हणून हा जादाचा सामना. संघ बर्लिनच्या गाडीत बसला, गाडी सुटली, आणि स्त्रेल्त्सोव्ह आणि इव्हानोव्ह फलाटावरच नाहीत. उशिरा आले. मग मोटारीने गाडीचा पाठलाग. शेवटी मोझाइस्क स्टेशनवर, म्हणजे मॉस्कोपासून शंभरेक किलोमीटरवर, गाडी थांबवली आणि दोघं चढले. २४ नोव्हेंबरला सामना झाला. सुरुवातीलाच पायावर जबर लाथ बसली. पाय बांधून तो खेळत राहिला, आणि एकतिसाव्या मिनिटाला पहिला गोल त्याचाच. २-० ने जिंकून सोव्हिएत संघ पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरला.

ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. मला तिच्यात दुसरं काही दिसतं. गाडी चुकवली, तरी गाडी थांबली. गोल केला, म्हणून माफ. वीस वर्षांच्या मुलाने यातून काय शिकायचं? हेच की पाय चालतोय तोवर सगळं चालतं.

आणि मग वाऱ्याची दिशा बदलली. जानेवारी १९५८ मध्ये मारामारी, अटक, किताब काढून घेतला. २ फेब्रुवारीला 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा'मध्ये त्याच्यावर एक लेख आला, शीर्षक होतं 'तारांकित आजार'. म्हणजे ताऱ्याला होणारा, डोक्यात हवा जाण्याचा आजार. इथं एक संदर्भ हवा. पन्नाशीच्या दशकात सोव्हिएत शहरांत 'स्तिल्यागी' नावाची तरुण मंडळी होती. पाश्चात्त्य कपडे, केसांचे कोंबडे, जॅझ. वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडायची. स्त्रेल्त्सोव्हचे केस बघा, कपडे बघा. तो राजकारणात नव्हता, जॅझचं सोडाच. पण चेहरा त्या व्यंगचित्रांत चपखल बसत होता. काल गोल करणारा कामगाराचा पोर, आज बिघडलेल्या तरुणाचा नमुना. वर्तमानपत्राला दोन्ही लागतात.

मे महिन्यात संघ स्वीडनला जाण्याच्या तयारीत होता. २५ मे ला एक दिवसाची सुट्टी मिळाली. मॉस्कोबाहेरच्या एका बंगल्यावर मेजवानी, बरोबर स्पार्ताकचे तातुशिन आणि ओगोन्कोव्ह. दुसऱ्या दिवशी बलात्काराच्या आरोपाखाली अटक. २४ जुलैला बारा वर्षांची शिक्षा.

या प्रकरणावर रशियात आजही वाद आहे. त्याच्या बाजूचे लोक म्हणतात की कबूल केलंस तर वर्ल्ड कपला जाऊ देऊ असं सांगून कबुलीजबाब लिहून घेतला. आणखी एक फार आवडती कथा आहे. पॉलिटब्युरोतल्या यकातेरिना फुर्त्सेवा यांच्या मुलीला त्याने एका समारंभात नकार दिला आणि बाईंनी सूड घेतला. ही कथा ऐकायला रंगते, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. तिच्यात सगळा दोष एका बाईवर जातो आणि तक्रार करणारी दुसरी स्त्री गायबच होते. त्या रात्री त्या बंगल्यावर एक तरुण मुलगी होती. तिने तक्रार केली होती. महान फॉरवर्डच्या दंतकथेत ती एक तर कटातलं प्यादं असते, नाही तर नसतेच. खटला ज्या पद्धतीने चालवला त्यात वरून आलेला दबाव स्पष्ट आहे. पण खटला वाईट चालला म्हणून आरोप खोटा, असं होत नाही. जो खटला नीट चालत नाही तो दोघांवरही अन्याय करतो. एवढंच मी म्हणेन.

क्लबांची व्यवस्था मी मघाशी सांगितली ती इथं आठवा. अटकेनंतर त्याच्यासाठी बोलू शकेल असं खातं तोर्पेदोच्या मागे नव्हतं. तातुशिन आणि ओगोन्कोव्ह तुरुंगातून सुटले, त्यांच्यावर खेळण्याची बंदी आली. स्त्रेल्त्सोव्ह गेला किरोव्ह प्रांतातल्या छावणीत, लाकूडतोडीला.

१५ जून १९५८, गोथेनबर्ग. ब्राझील विरुद्ध सोव्हिएत संघ. पेलेचा वर्ल्ड कपमधला पहिला सामना. ब्राझील २-० ने जिंकलं. त्याच महिन्यात उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने सोव्हिएत संघाला २-० ने घरी पाठवलं, स्टॉकहोमच्या वेशीवर. तीन वर्षांपूर्वी त्याच शहरात सहा गोल खाल्लेलं स्वीडन.

अटकेपर्यंतचा त्याचा हिशेब असा: राष्ट्रीय संघाकडून विसेक सामने, १८ गोल. वय वीस.

आता वेळ झालीय, एक-दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न आलाय की परत आल्यावर तो तसाच राहिला होता का. नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये सुटला. आधी कारखान्याच्या हौशी संघातून खेळला, मग १९६५ मध्ये तोर्पेदोत परत. तेव्हा अठ्ठावीसचा होत आला होता. केस मागे हटलेले, अंग जड, वेग गेलेला. मग तो पास देऊ लागला. गोल करणारा गोल करवणारा झाला. त्याच वर्षी तोर्पेदो विजेता झाला, आणि १९६७ आणि १९६८ साली तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण तो वेगळाच खेळाडू होता, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

दुसरा प्रश्न, तो दिनामोत गेला असता तर वाचला असता का? शिक्षेपासून कदाचित वाचला असता. पण मग त्या मुलीची तक्रार पोलीस ठाण्याच्या टेबलावरच राहिली असती. आणि दिनामोत त्याच्या टाचेच्या पासवर धावून येणारा इव्हानोव्ह नसता. १९६५ मध्ये तो परतला तेव्हा इव्हानोव्ह अजून तोर्पेदोतच होता. पाच वर्षं छावणी, दोन वर्षं बंदी, आणि तो चेंडू टाचेने मागे ढकलतो तेव्हा तिथं तोच माणूस उभा. विजेतेपद त्यांनी एकत्र मिळवलं.

चला, इथं थांबू.